ओकलंडची माती

वानखेडेवर सामना रेंगाळला की एखाद्या स्टँडमधले लोक हात वर करून उभे राहतात, खाली बसतात, आणि ती लाट स्टँडमागून स्टँड करत मैदानाला वळसा घालून परत येते. आपण तिला मेक्सिकन वेव्ह म्हणतो, कारण जगभर ती पोचली १९८६च्या मेक्सिकोतल्या फुटबॉल विश्वचषकातून. पण टीव्हीवर नोंद झालेली तिची पहिली फेरी त्याच्या पाच वर्षं आधीची आहे. १५ ऑक्टोबर १९८१, कॅलिफोर्नियातलं ओकलंड कोलिझियम, बेसबॉलचा सामना, ओकलंड अ‍ॅथलेटिक्स विरुद्ध न्यूयॉर्क यँकीज. ढोल घेऊन फिरणाऱ्या एका चिअरलीडरने ती उठवली. पहिले प्रयत्न अर्ध्या वाटेत विरले, मग ती पूर्ण फिरली. ओकलंड त्या दिवशी हरलं आणि त्यांचा हंगाम तिथेच संपला.

जगभरच्या प्रेक्षकांनी उचललेली ही गोष्ट हरणाऱ्या संघाच्या लोकांनी घडवली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एखाद्या बेसबॉल संघाभोवती जीव टाकणारी माणसं का जमतात आणि दुसऱ्याभोवती का जमत नाहीत, याचं उत्तर बहुतेक जण विजयांच्या यादीत शोधतात. माझ्या मते ते प्रेक्षकांच्या हातांत शोधायला हवं. लोकांना तिथे करायला काय काम होतं, ते किती वर्षं करू दिलं गेलं, आणि ते काम करण्याची जागा टिकली का? आणि हे उत्तर बरोबर असेल, तर संघ नक्की कोणाच्या मालकीचा, हा प्रश्नही नव्याने विचारावा लागतो.

आम्ही ओकलंडजवळच्या फ्रीमॉन्टला राहायला आलो तेव्हा मला बेसबॉलमधलं काहीही कळत नव्हतं. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ मला बार्ट या तिथल्या लोकलने कोलिझियमला घेऊन गेले. स्टेशनातून उतरलं की लांबलचक पादचारी पुलावरून थेट मैदानात जाता येई. त्यांनी मला खेळ शिकवला तो पेन्सिल आणि कार्ड हातात देऊन. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो. चेंडू टाकणारा पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या बेसवरचा ४, शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्या बेसला गेला, दोघे बाद झाले, की चौकटीत लिहायचं ६-४-३. फलंदाज बॅट फिरवून चुकला आणि बाद झाला तर ‘के’, आणि नुसता बघत उभा राहून बाद झाला तर उलटा ‘के’. मला माझे बाबा आठवले. रेडिओवरचं समालोचन ऐकत, कान ट्रान्झिस्टरला लावून, जुन्या वहीत रेघा मारून ते कसोटीचा धावफलक मांडायचे. सामना हजार मैलांवर चालू असायचा आणि त्याची नोंद ठेवण्याची जबाबदारी जणू आमच्या घरावर असायची.

बेसबॉलची पहिली ताकद ही आहे. हा खेळ माणसाला रोज थोडं काम देतो. एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, जवळजवळ दररोज. अमेरिकन फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा येतो, सणासारखा. बेसबॉलचा संघ दूधवाल्यासारखा येतो. एखाद्या दिवशी तो आला नाही तर घराला चुकल्यासारखं वाटतं. १६२ सामन्यांत सर्वोत्तम संघही बहुधा पन्नास-साठ वेळा हरतो, म्हणून रोजच्या चाहत्याला हरण्याची सवय असते आणि त्याचं लक्ष निकालाच्या पलीकडच्या गोष्टींकडे जातं. कोणत्या पिचरचा खांदा दुखतोय, खालच्या लीगमधून आलेला नवा मुलगा डावखुऱ्यांसमोर का चाचपडतो, समालोचक आज कोणती जुनी आठवण सांगतो. लॉस एंजेलिस डॉजर्सचे विन स्कली १९५० ते २०१६ असे ६७ हंगाम समालोचन करत राहिले. तीन पिढ्यांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकच आवाज ऐकला. असा आवाज घरातल्या वडीलधाऱ्याच्या आवाजासारखा होतो, आणि त्याच्याशी नातं तोडायला एखादा वाईट हंगाम पुरत नाही.

सेंट लुईस कार्डिनल्सचा विस्तारही असाच आवाजाने झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेंट लुईसच्या पश्चिमेला किंवा दक्षिणेला मोठ्या लीगचा एकही संघ नव्हता, आणि शहरातल्या केएमओएक्स या ५० हजार वॅटच्या रेडिओ केंद्राचा आवाज रात्री कित्येक राज्यांत पोचायचा. आर्कान्सॉतला शेतकरी कधी सेंट लुईसला गेला नसेल, पण तो कार्डिनल्सचा होता, त्याची नातवंडं आजही आहेत.

शिकागो कब्जची कथा सगळ्यांना ठाऊक असते ती शापाची. विजेतेपद १९०८ नंतर थेट २०१६ला, मध्ये १०८ वर्षं. ती सांगताना एक साधं कारण निसटतं. त्यांच्या रिगली फील्डवर ऑगस्ट १९८८पर्यंत प्रकाशझोत नव्हते, म्हणून घरचे सगळे सामने दुपारी व्हायचे, आणि शहरातली डब्ल्यूजीएन वाहिनी १९७८पासून उपग्रहावरून देशभर दिसू लागली. शाळेतून घरी आलेलं मूल टीव्ही लावायचं तर समोर कब्ज असायचे, वेलीने झाकलेली विटांची भिंत असायची आणि उन्हात बसलेली माणसं असायची. संघ बहुतेक वर्षं सुमार होता. तरी त्या मुलांची पिढीच्या पिढी त्याची झाली, कारण तो घरात वेळेवर येत होता. २०१६च्या शरद ऋतूत संघ अंतिम मालिकेत पोचला तेव्हा लोकांनी रिगलीच्या बाहेरच्या भिंतींवर खडूने नावं लिहायला सुरुवात केली. आजोबांची, आईची, हा दिवस न बघता गेलेल्या भावंडांची. बघता बघता हात पोचेल तिथपर्यंतच्या विटा भरून गेल्या. संघाच्या कार्यालयाने कुणाला हे सांगितलं नव्हतं. ती भिंत मी छायाचित्रांतच पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी मला आपल्याकडची पितृपक्षातली पानं आठवतात, गेलेल्यांना आठवणीने वाढलेली.

जपानमध्ये ओसाका परिसरातल्या हानशिन टायगर्सकडे पाहिलं की हेच आणखी स्पष्ट दिसतं. त्यांचं कोशिएन मैदान १९२४ सालचं. तिथे प्रत्येक फलंदाजाचं स्वतःचं गाणं असतं, ते तुतारी आणि ढोलाच्या तालावर हजारो लोक एका सुरात म्हणतात. तिथला प्रेक्षक कामावर आलेला असतो असंच म्हणायला हवं. १९८५च्या विजयात चाहत्यांनी एकेका खेळाडूसारख्या दिसणाऱ्या माणसाला कालव्यात उडी मारायला लावली. अमेरिकन खेळाडू रँडी बाससारखा दिसणारा कोणी सापडेना, म्हणून एका केएफसीच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळाच त्या डोटोनबोरी कालव्यात फेकला. तो २००९ साली चिखलातून वर आला. संघाला पुढचं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं २०२३ मध्ये, ३८ वर्षांनी. त्या वर्षी प्रशिक्षक अकिनोबू ओकादा ‘विजेतेपद’ हा शब्द उच्चारायचेच नाहीत, ‘आरे’ म्हणजे ‘ते’ एवढंच म्हणायचे, आणि सगळा परिसर ‘ते’ म्हणू लागला. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांना ओकादांचं मन लगेच कळलं असतं. जे फार हवं असतं त्याचं नाव घेताना जीभ अडखळते.

याच्या उलट उदाहरण फ्लोरिडात आहे, आणि विजयाने भक्ती येते असं मानणाऱ्यांनी ते नीट बघावं. मार्लिन्स संघ १९९३ साली सुरू झाला आणि पाचव्याच हंगामात, १९९७ मध्ये, वर्ल्ड सिरीज म्हणजे लीगची अंतिम मालिका जिंकला. कब्जना १०८ वर्षं लागली ती गोष्ट यांना पाच वर्षांत मिळाली. मग मालकाने खर्च कमी करायचा म्हणून विजेता संघच मोडून विकला, आणि पुढच्या हंगामात ते १०८ सामने हरले. २००३ मध्ये ते पुन्हा जिंकले, पुन्हा चांगले खेळाडू गेले. २०१२ मध्ये मुख्यतः सार्वजनिक पैशातून नवं स्टेडियम उभं राहिलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मोठे खेळाडू पुन्हा दुसरीकडे धाडले गेले. आज मायामीत प्रेक्षकसंख्या लीगच्या तळाशी असते. दोन विजेतेपदं असूनही तिथे कोणी भिंतीवर आजोबांचं नाव लिहीत नाही. मायामीच्या लोकांना मी दोष देत नाही. ज्या घरातलं सामान दर दोन-तीन वर्षांनी लिलावात जातं, तिथे कोणी भिंतीला रंग देत बसत नाही.

यँकीजचं काय, असं कोणी विचारेल. २७ विजेतेपदं आणि जगभर टोपी घालणारे लोक. बरोबर आहे, विजयाने गर्दी येते, मी नाकारत नाही. पण यँकीजही शंभर वर्षांहून जास्त काळ त्याच शहरात आहेत. आणि विजयच सर्व काही असता तर त्याच शहरात १९६२ साली मेट्स हा नवा संघ जगलाच नसता. पहिल्या हंगामात ते १६० पैकी १२० सामने हरले, तरी लोक चादरींवर स्वतःच्या हाताने घोषणा रंगवून त्यांना बघायला जात होते. १९५७ नंतर ब्रुकलिनचा डॉजर्स आणि मॅनहॅटनचा जायंट्स हे दोन्ही संघ कॅलिफोर्नियाला नेले गेले होते, आणि न्यूयॉर्कमधल्या कित्येक घरांत जागा रिकामी होती. मेट्सनी डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग घेतला. लोक त्या रंगांकडे आले.

आता ओकलंड. अ‍ॅथलेटिक्स तिथे १९६८ साली आले. १९७२, ७३ आणि ७४ अशी सलग तीन विजेतेपदं, मग १९८९चं एक. शहर कामगारांचं, गोदीचं, खाडीपलीकडच्या श्रीमंत सॅन फ्रान्सिस्कोच्या सावलीतलं. रिकी हेंडरसन याच शहरात वाढला आणि याच मैदानावर चोरलेल्या बेसचा, म्हणजे चेंडू फटकावला न जाताच पुढच्या बेसवर धाव घेण्याचा, विश्वविक्रम त्याने केला. उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर ढोल वाजवणारी मंडळी वर्षानुवर्षं असायची. ते स्वतःचे ढोल, स्वतः शिवलेले झेंडे घेऊन यायचे. स्टेडियम कुरूप होतं, हे मान्य. २०१३ साली तर सांडपाण्याची नळी तुंबून घाण पाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं होतं. पण ते लोकांचं होतं, तिकीट परवडायचं, आणि बाकांवर काळे, लॅटिनो, फिलिपिनो, चिनी, गुजराती, मराठी असे सगळे शेजारी बसायचे. माझ्या ओळखीतल्या किती मुलांना अमेरिका पहिल्यांदा ‘आपली’ वाटली ती त्या बाकांवर.

मालक जॉन फिशर यांनी काय केलं ते सगळ्यांसमोर घडलं. २०२२च्या मार्चमध्ये मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन हे दोन लाडके खेळाडू काही दिवसांच्या अंतराने दुसऱ्या संघांना दिले गेले. पगारावरचा खर्च लीगच्या तळाला गेला, हंगामी तिकिटांचे दर मात्र वाढले. २०२३ मध्ये संघ ११२ सामने हरला. एप्रिलमध्ये नव्या स्टेडियमसाठी लास वेगसमध्ये जमिनीचा व्यवहार जाहीर झाला. १५ मेच्या सामन्याला २,०६४ तिकिटं गेली. मग सांगितलं गेलं की बघा, ओकलंडला बेसबॉल नकोच आहे.

चाहत्यांनी याला जे उत्तर दिलं ते मला गेल्या काही वर्षांतलं सर्वांत सुंदर सार्वजनिक कृत्य वाटतं. त्यांनी उलटा बहिष्कार पुकारला. ठरवून एका दिवशी सगळ्यांनी यायचं. १३ जून २०२३, मंगळवारची रात्र, टँपा बे रेजविरुद्धचा सामना, २७,७५९ माणसं. हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द, ‘सेल’, म्हणजे संघ विकून टाका. पाचव्या डावाच्या सुरुवातीला सगळं मैदान ठरवून गप्प झालं आणि मग एकदम घोषणा उठली. त्या हंगामात वर्षभर मार खाल्लेला संघ त्या रात्री २-१ जिंकला. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास वेगसच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक पैशाचं विधेयक १३ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केलं. नोव्हेंबरमध्ये लीगमधल्या तीसही संघांच्या मालकांनी एकमताने स्थलांतराला होकार दिला.

मालकांची बाजू अशी की संघ ही खासगी मालमत्ता आहे, स्टेडियम जुनं झालं होतं, आणि ओकलंड शहराशी नव्या स्टेडियमच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं अडल्या होत्या. यातला स्टेडियमचा भाग खरा आहे, शहराचीही चालढकल झाली. पण खासगी मालमत्तेची गोष्ट मला पटत नाही, कारण बेसबॉल लीग साध्या बाजारात उभीच नाही. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. ही सवलत बऱ्याच अंशी अजून आहे. त्यामुळे तीस मालक मिळून ठरवतात की संघ किती असावेत आणि कुठे असावेत. पंक्तीत मुद्दाम पाटच कमी मांडले की कोणी ना कोणी उभं राहतंच, आणि मग शहरं एकमेकांपेक्षा मोठ्या थैल्या घेऊन पुढे येतात. ज्या धंद्याला कायद्याने असं संरक्षण दिलंय, स्टेडियमला जनतेचा पैसा दिलाय, त्याने जाताना ‘हा माझा खासगी मामला’ म्हणावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

ओकलंडलाही हा संघ दुसऱ्याच्या घरातून मिळाला होता, हे लपवायचं कारण नाही. अ‍ॅथलेटिक्स १९५४पर्यंत फिलाडेल्फियाचे होते, मग कॅन्सस सिटीचे. १९६७ साली ते कॅन्सस सिटी सोडून निघाले तेव्हा मिझूरीचे सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन यांनी बेसबॉलच्या त्या कायदेशीर सवलतीलाच हात घालायची धमकी दिली, आणि १९६९ मध्ये शहराला रॉयल्स हा नवा संघ मिळाला. सिएटलचा संघ एका हंगामातच उचलला गेला, शहराने खटला भरला, आणि १९७७ मध्ये मरिनर्स आले. राज्यकर्त्यांनी डोळे वटारले की लीग ऐकते, हे इतिहासात दोनदा दिसलं आहे.

म्हणून माझी मागणी भावनेची नाही, कायद्याची आहे. ओहायो राज्यात १९९६चा एक कायदा आहे. क्लीव्हलंडचा अमेरिकन फुटबॉलचा संघ बॉल्टिमोरला नेला गेला त्यानंतर तो झाला. ज्या संघाने करदात्यांच्या पैशाचं स्टेडियम वापरलं त्याने जाण्याआधी सहा महिने नोटीस द्यावी आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. कोलंबसचा सॉकर संघ २०१७-१८ मध्ये टेक्सासला जायला निघाला होता, तेव्हा चाहत्यांच्या चळवळीला या कायद्याचा आधार मिळाला आणि संघ राहिला. क्लीव्हलंडने आणखी एक गोष्ट मिळवली होती. संघ गेला, पण नाव, रंग आणि विक्रमांची नोंद शहराकडे राहिली, आणि १९९९ साली त्याच नावाने संघ पुन्हा उभा राहिला. ओकलंडच्या तेव्हाच्या खासदार बार्बरा ली यांनी आणि शेजारच्या मतदारसंघाचे मार्क डिसॉल्निए यांनी जून २०२३ मध्ये संघ नेणाऱ्या मालकाने गावाला भरपाई द्यावी असं विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही. ते पुन्हा आणलं पाहिजे. नाव, रंग आणि नोंदी शहराच्या, हे तर कुठल्याही पैशाशिवाय करता येईल.

पुणेकरांना यातला अर्धा भाग तरी ओळखीचा वाटेल, कारण आयपीएलने शहरांची नावं लावून संघ विकण्याची पद्धत अमेरिकेकडूनच घेतली. पुणे वॉरियर्स २०११ला आले, २०१३ला संपले. रायझिंग पुणे तर दोनच हंगामांचा पाहुणा होता. २०१७चा अंतिम सामना एका धावेने हरला आणि गेला. त्याच्यासाठी गहुंज्याला कोणी रडलं नाही, कारण रडण्याइतकं काही रुजूच दिलं गेलं नव्हतं. आणि २०१८ साली चेन्नईचे सामने कावेरीच्या वादामुळे पुण्याला हलवले गेले, तेव्हा पिवळे कपडे घातलेल्या चाहत्यांनी भरलेली खास रेल्वे चेन्नईहून पुण्यात उतरली. २००८पासून एकाच गावाच्या, एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाची ती माणसं होती.

ओकलंडमधला शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाला. ४६,८८९ लोक आले. अ‍ॅथलेटिक्स टेक्सासविरुद्ध ३-२ जिंकले. सामना संपल्यावर प्रशिक्षक मार्क कॉट्से मैदानावर उभे राहून बोलले आणि ओकलंडच्या नावाचा शेवटचा गजर त्यांनीच सुरू केला. लोक घरी जायला तयार नव्हते. मैदान राखणाऱ्या कर्मचाऱ्यांनी कठड्यापाशी येऊन कपाकपांतून मैदानाची माती वाटली. मला खेळ शिकवणाऱ्या त्या शेजाऱ्यांची मुलगी एक कप घेऊन आली. तो आता त्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या जुन्या धावकार्डांशेजारी ठेवलेला आहे. ते स्वतः हे बघायला नव्हते.

वेगसचं स्टेडियम होईपर्यंत संघ सॅक्रामेंटोच्या चौदा हजारांच्या छोट्या मैदानावर खेळतो, आणि त्याच्या नावात कुठलंही शहर नाही. नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’. इकडे पश्चिम ओकलंडच्या रायमोंडी पार्कमध्ये २०२४पासून बॉलर्स नावाचा संघ आहे, खालच्या स्वतंत्र लीगचा, त्यात चाहत्यांनी स्वतःचे पैसे घातलेत आणि कारभारात त्यांचा माणूस बसतो. २०२५ मध्ये त्यांनी आपल्या लीगचं विजेतेपद मिळवलं. बाक साधे आहेत, पलीकडे गोदीच्या क्रेन दिसतात. मी पेन्सिल घेऊन जाते. मागच्या खेपेला माझ्या पुढच्या बाकावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती, तिला उलटा ‘के’ काढता येत नव्हता. मी तिच्या कार्डावर एक काढून दाखवला, पुढचे तिचे तिने काढले.